आवाजाच्या साखळीतला पहिला मान

लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मला अजूनही वाटत नाही. तरीही लिहिते आहे, त्याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी. नोकरीची सारी वर्षे मी डिचोलीतल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. फळ्यावरच्या समीकरणांपलीकडे लोकांनी वाचावे असे काही माझ्या हातून लिहिले गेले नाही. संगीताचे तर नावच नको; शाळेच्या प्रार्थनेतही मी ओठ हलवून गप्प राहणाऱ्यांतली. अशा बाईने निवृत्त झाल्यावर, मोतीबिंदू काढून झाल्यावर, ध्वनिमुद्रित आवाजावर संस्कार करण्याची विद्या शिकायला घ्यावी आणि वर त्याविषयी लिहावे, हे जरा अतिच आहे. पण जे घडले ते माझ्यासमोर घडले आणि त्यातला शेवटचा निर्णय माझ्या हातात येऊन पडला आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

मला शिकवणारी माझी मुलगी. पुण्याच्या एका स्टुडिओत काही वर्षे काढून ती घरी परतली आणि आमच्या मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून तिने तिथेच काम सुरू केले. भजनी मंडळे, आरत्यांचे गट, नाटकवाले तिच्याकडे येत. मी चहा घेऊन आत जाई आणि कोपऱ्यात बसूनच राही. एक दिवस ती म्हणाली, "आई, बसतेसच तर शीक तरी. नाहीतर चहा ठेवून जा."

मी शिकायला बसले.

पहिल्यांदा ध्यानात आले ते हे, की या विद्येची सारी भाषा मारामारीची आहे. आवाजावर किती चटकन झडप घालायची, त्याला 'अटॅक' म्हणतात. ढोलात 'पंच' हवा, म्हणजे ठोसा. आवाज मर्यादेबाहेर गेला की तो 'क्लिप' होतो. पडद्यावर पाहिले तर लाटांचे माथे कोयत्याने छाटल्यासारखे सपाट दिसतात. कॉम्प्रेसर नावाचे साधन मोठ्याने बोलणाऱ्याची मान दाबून धरते आणि मग सगळ्यांना मिळून वर उचलते, त्यामुळे मागची कुजबुजही कानाशी येते. गेट नावाचे साधन ठरलेल्या पातळीखालचा आवाज आला की दार आपटते. मी लहानपणापासून मोठ्या आवाजाला भिणारी. हे शब्द ऐकताना खांदे आपोआप आखडत.

दुसरी गोष्ट क्रमाची. ही साधने एकापुढे एक साखळीसारखी जोडतात. एकातून निघालेला आवाज दुसऱ्यात शिरतो. साधने तीच, त्यांचे आकडेही तेच, पण मागेपुढे केली की निष्पत्ती वेगळी. सरावासाठी मुलीने मला एका कीर्तनकाराचा आवाज दिला. मागे पंख्याची घरघर होती. मी आधी कॉम्प्रेसर जोडला, मग गेट. घरघर कीर्तनकाराच्या बरोबरीला आली आणि गेट उघडेच राहिले.

"आता त्या बिचाऱ्या गेटला चोर कोण आणि घरधनी कोण हे कळणार कसं?" मुलगी म्हणाली. "दोघांना तूच एका उंचीचं केलंस."

मला माझ्या प्रयोगशाळेची आठवण झाली. पाण्यात आम्ल ओतायचे असते, आम्लात पाणी नव्हे. उलट केले की तेच दोन द्रव उसळून तोंडावर येतात. हे मी जन्मभर मुलांना सांगत आले होते, म्हणून क्रमाचे महत्त्व मला पटवून द्यावे लागले नाही.

आता माहेराविषयी सांगते. ते पेडणे तालुक्यात, चोपड्याच्या बाजूला, नदीपासून थोडे आत आहे. गावात दोन वाडे, वरचा आणि खालचा. शिगम्यात, आमच्याकडच्या शिमग्यात, दोन्ही वाड्यांची रोमटे, म्हणजे ढोलताशे घेऊन नाचत येणारे जथे, देवळासमोरच्या मांडावर येतात. पहिला मान वरच्या वाड्याच्या ढोलाचा, त्यानंतर खालच्या वाड्याचा. दोन्ही ढोलांच्या मध्ये उभे राहून नमन म्हणायचे ते आमच्या घराने, आणि देवापुढे सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालायचे तेही आमच्याच घराने. आमचे घर कुठल्याच वाड्याचे नाही. ते दोन वाड्यांमधल्या बांधावर आहे, आणि त्याचे सुखदुःख आम्ही पुरेपूर भोगले आहे.

मी प्राथमिक शाळेत होते. गोवा मुक्त होऊन काही वर्षे झाली होती. खालच्या वाड्याचे तरुण डिचोलीकडच्या खाणींवर ट्रक चालवू लागले होते आणि पोर्तुगीज गेले तर जुना मान कशाला राहायला हवा, असे उघड म्हणू लागले होते. त्या शिगम्यात त्यांनी आपला ढोल आधी मांडावर चढवला. नमनासाठी माझा काका मध्ये उभा होता. तो माझ्या वडिलांचा सर्वांत धाकटा भाऊ. तेव्हा जेमतेम विशीतला असेल. त्याने पहिली ओळ उचलली आणि वरच्या वाड्याचे लोक धावून आले.

ढोलावरच्या काठ्या माणसांवर आल्या तेव्हाचा फरक मी कानांनी ओळखला. चामड्यावर पडलेली काठी घुमते. हाडावर पडलेली घुमत नाही. कोणीतरी कोयत्याने खालच्या वाड्याचा ढोल उभा चिरला. ज्याचा ढोल होता त्याने चिरणाऱ्याचा कान दातांनी तोडला आणि थुंकला. तो कान तुळशीजवळ पडलेला मी पाहिला. काका दोन्ही हात पसरून मध्येच उभा होता आणि, मला हे नीट आठवते, नमन म्हणतच होता. पहिला फटका त्याच्या खांद्याच्या हाडावर बसला, दुसरा जबड्यावर. त्याला दाराच्या फळीवर आडवे घालून घरी आणले. जबडा जुळला, पण वाकडा.

त्यानंतर दोन्ही वाड्यांची रोमटे वेगवेगळ्या दिवशी येऊ लागली. काका दोन्ही दिवशी जाई आणि एकेका ढोलासोबत अर्धे अर्धे नमन म्हणे. वैर मात्र वाढतच गेले. कोणाच्या गवताच्या उडव्या जळल्या, कोणाची होडी कापली गेली, एका लग्नाच्या मांडवात खुर्च्यांनी डोकी फुटली. प्रत्येक वेळी मूळ कारण विचारले तर उत्तर एकच येई: ढोल आधी कोणाचा.

आणि मग काकाच्या घशात गाठ निघाली. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितले, स्वरयंत्र पूर्ण काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. मी रडले. काका रडला नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसून तो म्हणाला, "बाय, गळो कापतत तर कापू देत. पण एकदा तरी दोनय ढोल माझ्या नमनाखाली एकत्र वाजूक व्हये. तितकां झालां काय मग खुशाल मुको करू देत माका."

"काका, ते दोघे एका अंगणात उभे राहिले तर तुझ्या गळ्याआधी दुसऱ्या कोणाचा तरी कापला जाईल," मी म्हणाले.

तोडगा मुलीने काढला. एकत्र उभे राहायचेच कशाला? ढोल वेगवेगळ्या दिवशी मुद्रित करावेत, आजोबांचा, म्हणजे काकाचा, आवाज तिसऱ्या दिवशी, आणि तिघांना संगणकावर एकत्र आणावे. दोन्ही वाड्यांनी होकार दिला, कारण दुसऱ्याचे तोंड पाहावे लागणार नव्हते. वरच्या वाड्याचा पुढारी त्या दिवसांत काजूच्या भट्टीत गुंतलेला होता, म्हणून खालचा वाडा आधी येऊन गेला. ही साधी सोय होती. तिच्यातून पुढे काय निघेल, याची आम्हा दोघींना कल्पना नव्हती.

काकाच्या घरीच, पुढच्या खोलीत आम्ही सगळी सामग्री मांडली. ढोल दोन्ही वाड्यांचे सारखेच वाजले; पण खालच्या वाड्याच्या वादकाने असा राग काढला की पडद्यावरची रेघ लाल होऊन तिथेच अडकून राहिली. काका तिसऱ्या दिवशी गायला. आवाज फाटला होता. वाकड्या जबड्यातून प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास शिट्टीसारखा निसटत होता. शेवटच्या दोन ओळींना तो खोकू लागला, त्या पुढे कधीतरी पुन्हा म्हणायच्या असे ठरले.

"आजोबांचा आवाज तू कर," मुलगी मला म्हणाली.

"मला भीती वाटते."

"म्हणूनच. मी घाई करीन."

ते काम मी ज्या तन्मयतेने केले तितक्या तन्मयतेने आयुष्यात काहीच केले नसेल. आधी गेट जोडले, बाहेरचे कावळे अडवायला. पण ते काकाच्या ओळीच्या शेवटचा श्वासही कापू लागले; प्रत्येक ओळ मुंडके उडवल्यासारखी संपे. मी गेटची पातळी खाली आणली, काही कावळे पदरात घेतले आणि श्वास वाचवला. पुढे खालची घरघर काढणारा इक्वलायझर. रस्त्यावरून मालाचे ट्रक जात होते. कॉम्प्रेसर आधी ठेवला असता तर प्रत्येक ट्रकासरशी काकाची मान दाबली गेली असती, कारण त्या साधनाला ट्रक आणि काका यांत भेद कळत नाही. म्हणून ट्रक आधी काढले, मग कॉम्प्रेसर, तोही हलक्या हाताने. सर्वांत शेवटी देवळाच्या अंगणासारखा घुमारा. घुमारा आधी आणि कॉम्प्रेसर नंतर ठेवून पाहिला, तर ओळ संपताच घुमाराच फुगून उठे आणि पुढच्या ओळीच्या उरावर बसे. काकाच्या आवाजावर आयुष्यात पुरेसे लोक बसले होते. मी क्रम पुन्हा सरळ केला.

दोन्ही ढोल दोन बाजूंना, मध्ये काका. पहिल्यांदा ते एकत्र ऐकले तेव्हा मी कानावरचे हेडफोन काढून बाहेर पडवीत जाऊन उभी राहिले.

ऐकण्याचा दिवस ठरला. सकाळी काकाकडून राहिलेल्या दोन ओळी म्हणवून घ्यायच्या आणि मग दोन्ही पुढाऱ्यांना वेगवेगळ्या वेळी बोलवायचे, असे आम्ही योजले होते. ते दोघेही एकाच वेळी आले. दुसऱ्याने आधी ऐकू नये म्हणून. मुलीने नुकतेच मुद्रण सुरू केले होते. मायक्रोफोन काकासमोर उभा होता आणि तो बंद करायचे कोणाला सुचले नाही. दोघांची माणसे अंगणात दोन टोकांना उभी होती. काहींच्या हातांत ढोलाच्या काठ्या होत्या. त्या त्यांनी कशासाठी आणल्या होत्या, हे विचारण्याची गरज नव्हती.

वरच्या वाड्याचा पुढारी, तो भट्टीवाला, पडद्याकडे वाकून पाहू लागला.

"बाय, ह्यां कितां?"

"दादा, एकेका आवाजाची एकेक पट्टी आहे."

"आमचो ढोल खंयचो?"

"ही हिरवी. खालून दुसरी."

"आनी हिच्या वयर?"

खालच्या वाड्याचा पुढारी, खाणीवरचा निवृत्त ट्रकवाला, जनेलाशेजारच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, कदेलवरून, खुर्चीवरून, म्हणाला, "वयर आमी. इतकां तरी दिसता मगो तुका? का भट्टयेच्या धुरान दोळे गेले?"

मुलगी घाईने म्हणाली, "मामा, वर-खाली असण्याला काही अर्थ नाही. दोन्ही ढोल एकाच वेळी वाजतात. खालच्या वाड्याचे लोक आधी आले, म्हणून त्यांची पट्टी आधी, एवढंच."

"आदी इले म्हणान वयर?" भट्टीवाल्याचा आवाज चढला. "मान इल्ल्याचो का वाडवडिलांचो? अर्थ नाय म्हणतंस मां? तर बदल."

तिने माऊसने हिरवी पट्टी ओढून वर नेली. ट्रकवाला कदेल मागे लोटून उठला. "अर्थ नाय तर बदललंस कित्याक? ह्येणा सांगलां म्हणान? म्हणजे अर्थ आसा!"

इथे मी बोलले. जन्मभर शिकवलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी म्हणाले, "दादा, खरंच सांगते, पट्ट्यांच्या क्रमाला अर्थ नसतो. अर्थ असतो तो एकेका आवाजावर जी साधने जोडतात त्यांच्या क्रमाला."

दोघेही एकदम माझ्याकडे वळले. "म्हणजे खंय तरी आसा!" ट्रकवाला म्हणाला. "दाखय."

मी दोन्ही ढोलांच्या साखळ्या उघडून दाखवल्या. त्यांनी त्या अशा पाहिल्या जसे मांडावर कोण कोणाच्या पुढे उभा आहे ते पाहतात.

"त्येका चार आनी आमका तीन?" भट्टीवाला म्हणाला.

"चौथं साधन मान म्हणून नाही, मामा," मुलगी म्हणाली. "त्यांचा ढोल फार जोरात होता, म्हणून जास्त दाबावा लागला."

"दाबलो?" ट्रकवाल्याचे डोळे विस्फारले. "आमचो ढोल दाबलो? ह्येच्या ढोलासाठी?"

"दाबूचोच!" भट्टीवाला हसला. "खाणीवयली माती ती, दाबल्याबगर बसत नाय."

ट्रकवाल्याने त्याची मान धरून त्याचे कपाळ जनेलाच्या चौकटीवर आपटले. एकदा, आणि तो भानावर येण्याआधी पुन्हा. रक्त थेट डोळ्यांत उतरले. आंधळ्यासारखे चाचपडत भट्टीवाल्याच्या हाती रिकामा पडलेला दुसऱ्या मायक्रोफोनचा लोखंडी स्टँड लागला, आणि त्याने तो आडवा फिरवला. ट्रकवाल्याच्या तोंडातून दात आणि आवाज एकाच वेळी बाहेर पडले. पडदा मेजावरून खाली कोसळून फुटला. मुलीने संगणकाच्या पेटीवर अंग टाकले. अंगणातली माणसे काठ्या घेऊन आत घुसली, आणि त्या एवढ्याशा खोलीत मी लहानपणी ऐकलेला तो न घुमणारा आवाज चहूबाजूंनी येऊ लागला. कोणी कोणाच्या बोटांवर पाय देऊन उभा होता. कोणी एकाचे केस धरून त्याचे तोंड भिंतीवर घासत होता. मी कपाटाला पाठ लावून उभी होते.

काका उठला. तो सवयीने मध्ये गेला, सवयीने हात पसरले. कोणाचे तरी कोपर त्याच्या गळ्यावर बसले. तो गुडघ्यांवर आला आणि त्याच्या तोंडातून रक्त ओघळले. मग तिथूनच, गुडघ्यांवर बसल्या जागी, त्याने आवाज लावला. नमनाचा आवाज नव्हे तो. देवळाच्या पायरीवरून सबंध गावाला ऐकू जावा असा गाऱ्हाण्याचा आवाज होता, आणि मी तो असा भरलेला कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"बा देवा म्हाराजा!"

ज्यांनी आमच्याकडचे गाऱ्हाणे ऐकले नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक वाक्याअंती जमलेल्या सर्वांनी 'व्हय म्हाराजा' असा होकार द्यायचा असतो. पोर बोलू लागते तेव्हापासून हे तोंडात बसते. ऐकणारा विचार करत नाही. तोंड आपले आपण बोलते.

"व्हय म्हाराजा!" मारता मारता खोलीने उत्तर दिले.

"ह्या दोन वाड्यांक तुझ्यापरास ढोल मोठो झालो!"

"व्हय म्हाराजा!"

"तर तो ढोल तू तुझ्या हातीं घे!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी हेच्या फुडें जो कोण ढोलार पयली काठी मारीत, वयलो जांव खालचो जांव, त्येचो हात त्याच काठयेर सुकोंदे!"

"व्हय म्हाराजा!"

होकार देऊन झाल्यावर त्यांना कळले, कशाला दिला. ज्याच्या हातात काठी वर उचललेली होती त्याची ती तशीच राहिली. कोणीतरी, अगदी हळू, "देवा" म्हणाले. काका कुशीवर कलंडला.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवसाच्या आधीच करावी लागली. काकाचा जीव वाचला. गळ्याच्या मधोमध आता एक भोक आहे, त्यातून तो श्वास घेतो, आणि त्यातून काहीच बोलता येत नाही.

संगणकाची पेटी शाबूत होती. ते शिव्याशाप, हाडे, दात आणि गाऱ्हाणे, सारे मुद्रित झाले होते. शेवटच्या दोन ओळी मात्र झाल्या नव्हत्या. नमन खोकल्याशी थांबते. मी त्याला तसेच थांबू दिले. काका घरी परतल्यावर ते त्याला ऐकवले. दोन बाजूंना दोन ढोल आणि मध्ये त्याचा आवाज. त्याने तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवला आणि संपल्यावरही काढला नाही.

पुढच्या शिगम्यात दोन्ही वाडे एकाच दिवशी मांडावर आले. वेगवेगळ्या दिवशी यायची हिंमत कोणालाच नव्हती. जो एकटा येईल त्याला पहिली काठी मारावीच लागली असती. मी प्रथमच त्यांना एकमेकांना मान देताना पाहिले.

"मारा, मारा, पयलो मान तुमचो," ट्रकवाला म्हणाला. समोरचे दात नसल्याने शब्द फुसकत होते.

"छे! तुमी नव्या गोंयचे, तुमी मारा," भट्टीवाला म्हणाला. "जुन्या मानाचां आता काय रवलां नाय."

"वाडवडिलांचो मान असो सोडू नये हां."

"आमी सोडलो. घे, मार मेल्या, मार!"

सूर्य बुडेपर्यंत ते असे उभे राहिले आणि मग ढोल जसेच्या तसे घरी गेले. माझ्या आठवणीतला तो पहिला शिगमो, ज्यात रक्त सांडले नाही. काकाला हे सांगितले तेव्हा तो हसला. त्याचे हसू गळ्याच्या भोकातून शिट्टी घालत बाहेर आले.

काही महिन्यांनी दोन्ही पुढारी डिचोलीला माझ्या घरी आले, एकाच जीपमधून. शेजाऱ्यांना त्याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. मी मात्र दारातच खिळून राहिले. त्यांचे म्हणणे असे होते: घातलेले गाऱ्हाणे त्याच तोंडाने मागे घ्यावे लागते. ते तोंड आता मुके आहे. परंतु गाऱ्हाण्यानंतर त्याच तोंडाचे नमन देवापुढे झाले, तर नमन गाऱ्हाण्याला धुऊन नेते, असा जुन्या लोकांचा समज आहे.

"बाय, तुझ्याकडे दोनय आसत," भट्टीवाला म्हणाला. त्याच्या कपाळावर चौकटीचा व्रण होता. "आदी गाराणां लाय, मागीर नमन. मांडार, मोठ्या कर्ण्यार. देवाक आयकू दे. रेकॉर्डिंगातल्या ढोलाक हात नाय, त्येका कोण सुकयतलो?"

"आनी मग आमी ढोल बडयतलों," ट्रकवाला म्हणाला. "एकत्र. शपथ."

"आधी कोण?" मुलीने विचारले.

ट्रकवाल्याने आपला हात मागे घेतला, आणि भट्टीवाल्याने त्या हाताकडे पाहिले.

मी काकाकडे गेले. त्याने सगळे ऐकून घेतले. मग उजवा हात छातीशी नेऊन जोडल्यासारखा केला, म्हणजे नमन. तो आधी ठेवला. त्यानंतर मूठ वर उचलली, म्हणजे गाऱ्हाणे. ती नंतर. मी म्हणाले, "काका, तसे केले तर शाप कायम राहील. तुझ्या नमनाखाली कधी कोणी हाताने ढोल वाजवणार नाही. तुझ्यानंतरही नाही." त्याने मान डोलावली आणि पुन्हा तेच केले: आधी हात, मग मूठ.

मुलगी म्हणते, फायली दोनच, मागेपुढे करायला क्षण पुरे. ते खरे आहे. मी दोन्ही प्रती तयार केल्या आहेत. गाऱ्हाण्यावर काय काय होऊ शकते तेही करून पाहिले. गेट आधी लावले तर खोलीच्या टोकाकडचे होकार पातळीखाली जाऊन पुसले जातात. मग शाप उरतो, पण तो कोणी मान्य केलेला नसतो. कॉम्प्रेसर आधी लावला तर होकार काकाइतकेच मोठे होतात, आणि काठीखाली कोण विव्हळत होते तेही स्वच्छ ऐकू येते, नाव घेता यावे इतके. शेवटी गाऱ्हाण्यावर मी काहीच लावले नाही.

एका प्रतीत काकाचा आवाज नमनावर संपतो. गावात ढोल परत येतात, आणि त्यांच्यासोबत काय येते ते मी सांगितले आहे. दुसऱ्या प्रतीत तो शापावर संपतो. कोणाचे डोके फुटत नाही, पण ज्या माणसाने जबडा मोडताना नमन सोडले नाही, त्याचा गावाच्या कानांत उरणारा शेवटचा शब्द शाप असतो; आणि तसे त्याला स्वतःलाच हवे आहे. शिगमो जवळ आला आहे. यांतली एक प्रत मला देवळात पाठवायची आहे.

तुम्ही माझ्या जागी असता, तर आधी काय लावले असते?